मॅटाडोर, बुश आणि सातपूरचा लेथ

'टेम्पो' हा शब्द मुळात हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड सोन कंपनीचा ब्रँड. नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ ची. पुढे तिथूनच मॅटाडोर आली. जर्मनीत टेम्पो हे नाव मागे पडलं, इकडे बजाज टेम्पोची २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, मॅटाडोरही बंद झाली. पण शब्द टिकला, काही गाड्याही टिकल्या.

आमची अजून चालते. अडतं कुठे? सस्पेंशनच्या बुशवर. लोखंडी नळीत नळी आणि मधे घट्ट चिकटलेलं रबर, एवढीच वस्तू; पण दुकानात मिळत नाही. मग सातपूरला जुन्या नळीचं माप घेऊन लेथवर नवी कातायची, साच्यात रबर भरून घ्यायचं. नायलॉनचा बुश टिकतो, पण हादरे चासीपर्यंत पोचवतो.

मायको, महिंद्राला सुटे भाग पुरवता पुरवता नाशकात हे हात तयार झाले. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. माझं म्हणणं एवढंच: भाग बनवणं बंद करा, पण त्याचं ड्रॉइंग तरी खुलं करा. बाकीचं आपले कारागीर बघून घेतील.