भराव उरला, गाडी गेली

आमच्या अणदूरला रेल्वे कधी आलीच नाही. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. आमचा खंडोबासुद्धा वर्षातले काही दिवस नळदुर्गला जातो आणि परत येतो, तो पालखीतून, वाजतगाजत, रस्त्यानंच. त्यामुळे लहानपणी आम्हाला आगगाडी म्हणजे फक्त ऐकायची गोष्ट होती. घरातली म्हातारी माणसं पंढरपूरच्या वारीच्या गोष्टी सांगताना 'बार्शी लाइट'चं नाव हमखास काढायची. एखादा माणूस कामात फारच रेंगाळला, तर आजी म्हणायची, "आली बघा आमची बार्शी लाइट!"

ती गाडी आता नाही. पण ती जिथून धावत होती, ती वाट अजून काही ठिकाणी दिसते. मागे एकदा दोघा मित्रांबरोबर ती बघायला म्हणून मी येडशीला गेलो. येडशीपासून बार्शीच्या दिशेला बालाघाटाचा डोंगर उतरतो. याच भागात रामलिंगाचं देवस्थान आहे, अभयारण्य आहे. पावसाळ्यानंतरचे दिवस होते, झाडी दाट होती. झाडीत शिरल्यावर आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं, की आपण चालतोय ती जमीन नको तितकी सपाट आहे. डोंगरातली पायवाट चढते, उतरते, दगडाला वळसा घालते. ही वाट तसं काही करत नव्हती. सावकाश, एकाच चढानं, मोठं वळण घेत ती पुढं जात होती. कुठं बाजूला खोदलेला कातळ, कुठं पायाखाली मातीचा भराव. माणसाच्या किंवा बैलाच्या सोयीची ती वाट नव्हती, ती इंजिनाच्या सोयीची होती. रूळ उचलून नेले, तरी जमिनीला लागलेलं हे वळण जात नाही.

ही वाट आखण्यामागे एका इंग्रज इंजिनिअरची कल्पना होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, पण बार्शीसारखी कापसाची मोठी पेठ बाजूलाच राहिली. बार्शीचा माल बैलगाड्यांतून मुख्य लाइनवरच्या स्टेशनपर्यंत न्यावा लागे. ते स्टेशन म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तेव्हाचं 'बार्शी रोड'. मोठी रेल्वे टाकावी एवढी मिळकत या भागात नव्हती. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं, की मिळकत लहान असेल तर रेल्वेही लहान करा, पण ती हिशेबानं करा.

हा हिशेब मोठा सुरेख होता. रुळांमधलं अंतर अडीच फूट. इंजिन असो, मालडबा असो की प्रवाशांचा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळीकडे सारखा आणि कमी, म्हणून रूळही हलके चालले. एका यार्डाला तीस पौंड वजनाचे. रूळ हलका म्हणून पूल हलका. गेज अरुंद, म्हणून डोंगरात वळणं घट्ट घेता आली आणि खोदाई वाचली. लीड्सच्या किटसन कारखान्यानं यासाठी खास इंजिनं बनवली. लीड्सजवळच न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून या गाड्यांची चाचणी जाणकारांना दाखवण्यात आली. म्हणजे बार्शीची गाडी विलायतेतल्या लोकांनी कुतूहलानं पाहिली होती!

१८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही २१ मैलांची गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली. १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटर. एका बाजूला लातूर-बार्शीच्या पेठा, मधे पंढरीचा विठोबा. धान्य, कापूस आणि वारकरी या तिघांवर ही रेल्वे जगली.

येडशीच्या त्या भरावावर उभं राहिलं, की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बार्शी ब्रिटिश मुलखात आणि येडशी निजामाच्या राज्यात. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. मधे करोडगिरीची, म्हणजे जकातीची चौकी. भाषा एक, सोयरीक एक, पण राज्यं दोन. ही छोटी गाडी त्या सरहद्दीला रोज टाका घालत होती. याच मार्गावरच्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. पुढं १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी याच सरहद्दीलगत, सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत आपली शिबिरं थाटली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि सरहद्द पुसली गेली. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाइट सरकारी झाली.

मग ती बंद का झाली? जिच्यामुळे ती उभी राहिली, त्या अरुंदपणामुळेच. कुर्डुवाडीला माल उतरवा, दुसऱ्या गाडीत भरा, ही हमाली कधी सुटली नाही. रस्ते झाले, ट्रक आले आणि व्यापारी ट्रककडे वळले. शिवाय या रेल्वेनं एक मोठं गाव वगळलं होतं, ते म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण, उस्मानाबाद. कलेक्टर कचेरीच्या गावाला आगगाडी नाही, हे शल्य जिल्ह्यानं कित्येक पिढ्या बाळगलं. ब्रॉडगेज करताना मार्ग बदलून तो उस्मानाबादवरून नेला गेला. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी अशी मोठी गाडी धावू लागली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली आणि रामलिंगाच्या घाटातली जुनी वाट सुटली. धाराशिव हे नाव आता पुन्हा मिळालेल्या त्या शहराच्या स्टेशनवर उभं राहून या बदलाबद्दल हळहळ करणं मला जमणार नाही.

त्याचा अर्थ मला २०१६ च्या एप्रिलमध्ये पुरता कळला. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मार्ग बराचसा कॅलथ्रॉपच्या कंपनीचाच, पण रूळ रुंद झालेले. पाच टनांच्या आसावर हे पाणी पेललं नसतं. जुनी गाडी गेली म्हणूनच नवी गाडी पाणी घेऊन येऊ शकली.

म्हणून जुनी गाडी परत आणा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं लहान आहे. कॅलथ्रॉपनं इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरमध्येही अशीच अडीच फुटी रेल्वे बांधली होती, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. पण तिथल्या लोकांनी भराव मोडू दिला नाही. १९३७ मध्ये त्याच वाटेवर पायी फिरण्याचा रस्ता केला आणि आजही माणसं त्यावरून चालतात. ती रेल्वे तीस वर्षं चालली, आपली शंभराहून अधिक. तिची वाट मात्र जिथं मोकळी राहिली तिथं काट्यात गेली.

आपल्याला फार काही करायचं नाही. जिथं अभयारण्य आहे तिथं जंगलाच्या नियमानं, जिथं शेत आहे तिथं शेतकऱ्याला विचारून, वाटेवर चार दगडी पाट्या लावल्या तरी पुरे. इथून गाडी जायची, इथं एक राज्य संपून दुसरं सुरू व्हायचं, एवढं त्यावर लिहावं. जिल्ह्यातल्या शाळांनी वर्षातून एकदा मुलांना या भरावावरून चालवत न्यावं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या मार्गाचा पायाभरणी समारंभ २०१९ मध्ये झाला. त्या गाडीत बसणाऱ्या मुलांना आधीची गाडी ठाऊक असायला हवी.

परतताना संध्याकाळ झाली होती. एक गुराखी त्या भरावावरून गुरं घेऊन घराकडे निघाला होता. मी विचारलं, "ही वाट कशाची हो मामा?" तो म्हणाला, "रेल्वेची." "रेल्वे कुठं आहे?" तो हसला. "रेल्वे गेली की. वाट राहिली."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)