वाळूवरचा महाल: 'ड्यून' चित्रपटाच्या ५० वर्षांच्या प्रतीक्षेचा इतिहास

१/ नोव्हेंबर २०२१. पॅरिसमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात एक जाडजूड चित्रग्रंथ विक्रीस आला. अंदाज २५ ते ३५ हजार युरोंचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे २६ लाख ६० हजार युरोंना विकला गेला. कधीच न निघालेल्या एका चित्रपटाचा तो आराखडा होता. त्या चित्रपटाचे नाव 'ड्यून'. त्यामागील अर्धशतकाची ही हकीकत.

२/ आरंभ होतो १९५७ साली, अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर. फ्रँक हर्बर्ट हा पत्रकार तेथे सरकारी प्रयोग पाहण्यास गेला होता. सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या रस्ते आणि वस्त्या गिळत होत्या; त्यांवर गवत लावून त्यांना रोखण्याचा तो प्रयोग होता. हर्बर्टने लेख लिहावयास घेतला. तो लेख कधी छापला गेला नाही. वाळू मात्र त्याच्या मनातून गेली नाही.

३/ पुढील काही वर्षे त्याने वाळवंटे, त्यांतील जमाती आणि त्यांचे धर्म यांचा अभ्यास केला. त्यातून 'ड्यून' ही कादंबरी आकारास आली. 'अ‍ॅनालॉग' या मासिकात १९६३ ते १९६५ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. पुस्तकरूपात मात्र २० हून अधिक प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९६५ मध्ये फिलाडेल्फियाच्या चिल्टन या संस्थेने ती छापली. मोटारदुरुस्तीची हस्तपुस्तके काढणारी संस्था म्हणून चिल्टनची ख्याती होती!

४/ कादंबरी खरोखरच विलक्षण होती. हजारो वर्षांनंतरचा काळ, परंतु संगणक नाहीत. मानवाने बंड करून ते नष्ट केलेले. अर्राकिस हा निर्जल ग्रह, वाळूखालून धावणारे अजस्र कृमी, आणि 'स्पाइस' नावाचे द्रव्य. त्या द्रव्यावाचून आंतरतारकीय प्रवास अशक्य. ज्याच्या हाती स्पाइस, त्याच्या हाती साम्राज्य. १९७३ च्या तेलसंकटानंतर वाचकांना हे रूपक अधिकच जवळचे वाटले असल्यास नवल नाही.

५/ कथानायक पॉल अट्रायडीज. वाळवंटातील फ्रेमेन लोक त्याला आपला तारणहार मानतात. पण ही श्रद्धा आपोआप उगवलेली नसते. एका गुप्त संघाने शतकांपूर्वी ती जाणीवपूर्वक पेरलेली असते. हर्बर्टचा मुख्य मुद्दा हाच होता: तारणहारांपासून सावध राहा. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढील सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

६/ कित्येक वाचकांनी नेमका उलट अर्थ घेतला आणि पॉलला निखळ वीर मानले. 'ड्यून मसाया' या १९६९ च्या दुसऱ्या भागात हर्बर्टने पॉलच्या नावाने झालेला संहार दाखविला. 'अ‍ॅनालॉग'चा संपादक जॉन कॅम्बेल याने तो भाग नाकारला. त्याला विजयी वीर हवा होता.

७/ अशा कादंबरीचा चित्रपट कसा करावयाचा? अर्धे नाट्य तर पात्रांच्या मनात घडते. वरवरच्या संभाषणाखाली प्रत्येक जण दुसऱ्याला जोखत असतो. तरी १९७१ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चा निर्माता आर्थर जेकब्स याने हक्क मिळविले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चा दिग्दर्शक डेव्हिड लीन याला विचारणा झाली. त्याने नकार दिला. १९७३ मध्ये जेकब्सचे निधन झाले आणि योजना तेथेच थांबली.

८/ १९७४ च्या अखेरीस हक्क फ्रेंच मंडळींकडे गेले. निर्माता मिशेल सेदू, दिग्दर्शक अलेहांद्रो होदोरोव्स्की. चिलीत जन्मलेला हा अवलिया चित्रपट म्हणजे दीक्षाविधी मानणारा होता. आपण कादंबरी वाचलेली नसतानाच 'ड्यून'चे नाव घेतले, असे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले.

९/ त्याने जमविलेला संच आजही थक्क करतो. चित्रकथाकार मोबियसने सुमारे ३००० चित्रांचा स्टोरीबोर्ड रेखाटला. ख्रिस फॉसने अवकाशयाने आखली, स्वित्झर्लंडच्या गीगरने खलनायकाचा भीषण किल्ला. दृश्यपरिणामांसाठी डॅन ओबॅनन हा तरुण अमेरिकेतील चंबूगबाळे आवरून पॅरिसला आला. संगीतासाठी पिंक फ्लॉइडशी बोलणी झाली.

१०/ नटसंच तर कल्पनेपलीकडचा. ऑर्सन वेल्स, मिक जॅगर आणि सम्राटाच्या भूमिकेत चित्रकार साल्वादोर दाली! होदोरोव्स्की सांगतो त्याप्रमाणे दालीने तासाला १ लाख डॉलर मागितले. तोड अशी निघाली की दालीचे चित्रण तासाभरात आटोपावे आणि उरलेल्या प्रसंगांत त्याचा हुबेहूब पुतळा वापरावा.

११/ पॉलच्या भूमिकेसाठी होदोरोव्स्कीने स्वतःचा मुलगा ब्रॉन्टिस याला निवडले. तो तेव्हा जेमतेम १२ वर्षांचा होता. सुमारे दोन वर्षे त्याला युद्धकलेचे कठोर शिक्षण देण्यात आले. पित्याच्या स्वप्नाची किंमत मुलाने बालपणातून मोजली. पुढे होदोरोव्स्कीनेच त्याविषयी आत्मपरीक्षणाचा सूर लावला.

१२/ हर्बर्ट १९७६ मध्ये युरोपात आला तेव्हा ९५ लाख डॉलरांपैकी २० लाख पूर्वतयारीतच संपले होते. पटकथा त्याला टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड वाटली. चित्रपट १४ तासांचा झाला असता. शेवटही बदललेला होता: पॉल मरतो, त्याची चेतना सर्वांत भिनते आणि ग्रह हिरवागार होतो. तारणहाराविषयीचा इशारा देणाऱ्या कादंबरीतून खराखुरा तारणहार जन्मास येणार होता.

१३/ स्टोरीबोर्डचे जाड ग्रंथ हॉलिवूडच्या स्टुडिओंना दाखविण्यात आले. कलेची वाखाणणी झाली, पैसा कोणी दिला नाही. चित्रणाचा एक दिवसही उजाडला नाही. खचलेला ओबॅनन अमेरिकेत परतला आणि मित्राच्या घरी सोफ्यावर दिवस काढू लागला. तेथेच त्याने एका पटकथेवर काम केले. ती म्हणजे 'एलियन'. १९७९ च्या त्या चित्रपटावर गीगर, फॉस आणि मोबियस या तिघांचेही काम आहे.

१४/ दरम्यान हक्क इटालियन निर्माता दिनो दे लॉरेंतीसने घेतले होते. 'एलियन'चा दिग्दर्शक रिडली स्कॉट याची निवड झाली. पण १९८० मध्ये मोठ्या भावाच्या मृत्यूनंतर तो बाजूला झाला आणि 'ब्लेड रनर'कडे वळला. १९८१ मध्ये धुरा तरुण डेव्हिड लिंचकडे आली. त्यानेही तोवर कादंबरी वाचलेली नव्हती!

१५/ १९८३ मध्ये मेक्सिको सिटीच्या चुरुबुस्को स्टुडिओत चित्रण झाले. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर. अंतिम संकलनाचा अधिकार लिंचकडे नव्हता. तासन्‌तास लांबीची कच्ची प्रत कापून १३७ मिनिटांवर आणण्यात आली. १४ डिसेंबर १९८४ रोजी चित्रपट झळकला, तेव्हा काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांना शब्दार्थांचा कागद वाटण्यात आला. अमेरिकेतील उत्पन्न सुमारे ३ कोटींवर थांबले.

१६/ या चित्रपटाच्या अखेरीस पॉल अर्राकिसवर पाऊस पाडतो. हर्बर्टला चित्रपटाचे दृश्यवैभव आवडले, परंतु येथे त्याने बोट ठेवले: पॉल हा देवाचे सोंग घेणारा माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नव्हे. ओरेगॉनच्या वाळूत सुचलेले सूत्र २७ वर्षांनंतर पडद्यावर उलटे होऊन आले होते.

१७/ त्या वेळी हर्बर्ट एकाकीही होता. त्याच्या लेखनासाठी वर्षानुवर्षे घराचा भार वाहणारी पत्नी बेव्हर्ली १९८४ च्या फेब्रुवारीतच निवर्तली होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये हर्बर्टही गेला. इकडे होदोरोव्स्की धास्तावतच लिंचचा चित्रपट पाहावयास गेला आणि चित्रपट फसल्याचे पाहून त्याला हर्ष झाला. ही मनुष्यसहज असूया त्याने स्वतःच हसत कबूल केली आहे.

१८/ २००० मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. पुढे पॅरामाउंटने घाट घातला, तो २०११ मध्ये सोडून दिला. अखेर २०२१ मध्ये देनी विल्नव या कॅनेडियन दिग्दर्शकाचा 'ड्यून' प्रदर्शित झाला. किशोरवयात कादंबरी वाचून त्याने मित्रासह स्टोरीबोर्ड काढले होते! चित्रपटाने ६ ऑस्कर पटकावले. त्यांत दृश्यपरिणामांचा पुरस्कार होता. ते काम करणाऱ्या डीएनईजी या संस्थेचे धागे थेट मुंबईपर्यंत पोहोचतात.

१९/ विल्नवने एक गोष्ट आधी ठरविली: कादंबरी दोन भागांत विभागावी. मागील प्रयत्न १४ तास आणि १३७ मिनिटे या दोन टोकांत फसले होते. २०२४ च्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस सारे फ्रेमेन पॉलचा जयजयकार करीत धर्मयुद्धास निघतात, आणि त्याच्यावर प्रेम करणारी चानी पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. कादंबरीत असे घडत नाही. तरीही हर्बर्टचा इशारा पडद्यावर प्रथमच स्पष्ट उमटला तो या बदलामुळेच.

२०/ कथेशी इमान राखणे आणि तिच्या आशयाशी इमान राखणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पाऊस पाडणाऱ्या पॉलमागे बरीचशी मूळ कथा शाबूत होती, आशय निसटला होता. आता विल्नवचा तिसरा चित्रपट डिसेंबर २०२६ साठी जाहीर झालेला आहे. त्याचा आधार 'ड्यून मसाया', म्हणजे 'अ‍ॅनालॉग'च्या संपादकाने विजयी वीर नाही म्हणून परत पाठविलेली तीच कथा.