रविवारची प्रार्थना आणि घरची बोली



मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवर बाजाराचा दिवस आला की आठवडा भरतो. मीठ संपलं तर आधी विचार येतो, बाजाराला किती दिवस राहिले? माहेरी निरोप द्यायचा असेल तर बाजारात कोणीतरी भेटतंच. होळीच्या आधीचा बाजार तर भोंगऱ्याचा, त्याची वाट वर्षभर बघायची. जिथे ख्रिस्ती वस्ती आहे तिथे आठवड्याला आणखी एक खुंटा असतो, रविवार. आज त्या रविवारची गोष्ट. कॅथलिक पंथाची एखादी छोटी मंडळी आठवडाभर काय करते, ते कोण करतं आणि कोणत्या भाषेत करतं? तुम्ही कोणत्याही देवाला मानत असा, हा भाषेचा प्रश्न तुमच्याही घरातला आहे.

आधी थोडी ओळख. आपला नंदुरबार जिल्हा कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, आपला जिल्हा झाला १९९८ मध्ये. नाशिकचे पहिले बिशप थॉमस भालेराव. धर्मप्रांताचे छोटे भाग म्हणजे धर्मग्राम. एका धर्मग्रामाला एखाद-दुसरे फादर आणि वस्त्या मात्र लांब लांब, मध्ये डोंगर नाहीतर नदी. फादर दर रविवारी सगळीकडे पोचू शकत नाहीत. मिस्सा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी, त्यांच्याशिवाय होत नाही. पण म्हणून रविवार बुडत नाही. लोक एकत्र बसतात, बायबलमधला उतारा वाचतात, गाणी म्हणतात, आजारी माणसासाठी प्रार्थना करतात. पुढाकार घेतो धर्मशिक्षक, नाहीतर एखादी सिस्टर, नाहीतर गावातलीच वाचता येणारी कोणी.

रविवारी सुट्टी असते हे आपण धरूनच चालतो. ती सुट्टी कशी आली? रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली हुकूम काढला, रविवारी कचेऱ्या बंद, शहरातली कामं बंद. त्याच हुकुमात पुढे म्हटलं होतं, खेड्यातल्या लोकांनी शेतीची कामं खुशाल करावीत, कारण पेरणीचा मोका हातचा जाऊ नये. म्हणजे शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून सुट्टी नाही. चुलीचा तर उल्लेखच नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली, १० जूनला. ती सरकारने दिलेली नव्हती आणि चर्चनेही नव्हती. जोतिबा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षे त्यासाठी झगडले. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांनी मांडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला जी मोठी सभा झाली, तिथे सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि दोन कामगार बायकांनी उभं राहून भाषण केलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या रविवारात त्या दोघींचा वाटा आहे.

आता वसईला जाऊ. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची सगळ्यात जुनी गावं तिथे आहेत. पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी ती जिंकली १७३९ मध्ये. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती घरं राहिली. ती माणसं इथलीच होती, शेती-वाडी करणारी, मासेमारी करणारी. केळीच्या आणि फुलांच्या बागांत राबणाऱ्या, लाल लुगडं नेसणाऱ्या कुपारी बायका अजून आठवणीत आहेत. त्यांची घरची बोली सामवेदी, शेजारच्या गावांची वाडवळी.

आणि देवळातली भाषा? लॅटिन. जगात बहुतेक ठिकाणी कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची, शेकडो वर्षं. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे. प्रवचन तेवढं लोकांच्या भाषेत. बाकी सगळं गावातल्या म्हातारीला काय कळणार? ती आपली हातात जपमाळ घेऊन बसायची. तिकडे फादरांची लॅटिन, इकडे तिची माळ.

म्हणून मला वाटतं, प्रार्थना खरी टिकली ती घरात. दिवसातून तीनदा चर्चची घंटा वाजायची, सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला. संध्याकाळची घंटा झाली की हातातलं काम थांबायचं. रात्री जेवणाआधी किंवा नंतर घरातली सगळी एकत्र बसून जपमाळ म्हणायची. सुरुवात बहुतेक आजी नाहीतर आई करणार. पोरं पेंगायची, त्यांना कोपराने जागं करायचं. शुक्रवारी मटण-मांस नाही. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाचे चौदा टप्पे, एकेक करत चालायचे. कोणाच्या घरी मयत झालं तर शेजारी रोज संध्याकाळी तिथे जाऊन जपमाळ म्हणणार. हे सगळं चालवायला पदवी लागत नव्हती आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती.

लोकांच्या भाषेत देवाची गोष्ट सांगावी, हे एका परक्या माणसाला फार लवकर कळलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं त्यांच्यापासून काढून घेतली होती. ऐकायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? स्टीफन्सने मराठी शिकून ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तिथे नव्हते. दळताना म्हणायची ओवी, तिच्यात येशूची गोष्ट! पण पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. एका पिढीने भाषा उचलली, दुसऱ्या पिढीने तिच्यावर बंदी घातली.

वेदीवर लोकभाषा यायला विसावं शतक उजाडलं. रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली होती. ४ डिसेंबर १९६३ ला तिने ठराव संमत केला, उपासनेत लोकांची भाषा वापरायला मुभा. दोनेक वर्षांतच ठिकठिकाणी बदल दिसू लागला. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, मिस्सा मराठीत होऊ लागली, ‘तुमच्याबरोबर प्रभू असो’ असं म्हटलं की लोक उत्तर देऊ लागले. जुन्या माणसांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं, ते साहजिक आहे. लॅटिन कळत नसली तरी तिच्यात एक धाक होता.

बायकांचं काय? वेदीजवळ उभं राहून बायबल वाचायला बायका हळूहळू पुढे आल्या. वेदीवर सेवा करायला मुलींनाही चालतील, हे रोमने स्पष्ट केलं १९९४ मध्ये. आणि वाचकाचं पद बायकांना रीतसर देता येईल, असा नियम पोप फ्रान्सिस यांनी केला तो जानेवारी २०२१ मध्ये. घरात शेकडो वर्षं प्रार्थना सांगणाऱ्या बाईला देवळात वाचणारी म्हणून कागदावर जागा मिळायला इतका वेळ लागला. धर्मगुरू मात्र आजही फक्त पुरुषच होतात.

बचत गटातल्या बायांना आवडेल अशी एक गोष्ट दूरच्या मिझोरामची. तिथली मंडळी कॅथलिक नाहीत, प्रेस्बिटेरियन आहेत. १९१० पासून तिथे बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवतात. तो साठा गोळा करून चर्चला देतात, तो विकून मिशनचं काम चालतं. रोख रक्कम हातात नसलेल्या बाईने धान्याच्या मुठीतून एवढं मोठं काम उभं केलं.

आता आपल्या डोंगराकडे या. वसईच्या बाईला मराठी मिस्सा जवळची वाटली, कारण सामवेदी आणि मराठी यांचं अंतर थोडं. आपल्याकडे घरात भिली, नाहीतर पावरी. मराठी आपल्याला शाळेत भेटली, तलाठ्याकडे भेटली, दवाखान्यात भेटली. ज्या आजीला शाळाच मिळाली नाही तिच्यासाठी मराठीतली प्रार्थनाही थोडी लॅटिनसारखीच. पुस्तकाच्या बाबतीत मोठ्या भाषांचा नंबर आधी लागतो. रोमच्या परवानगीला वेळ लागतो, छपाईला पैसे लागतात, आणि भिलीतल्या कोणत्या गावची बोली धरायची यावर एकमत व्हावं लागतं. गाण्याला यातलं काही लागत नाही. ढोल आपला, चाल आपली, शब्द आपले. कोणत्याही धर्माच्या मंडळीत घरची बोली आधी गाण्यातून शिरते, पुस्तक मागून येतं.

पंडिता रमाबाईंनी मरेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम केलं. त्या गेल्या १९२२ मध्ये. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण त्यांनी जड शब्द मुद्दाम टाळले. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला वाचून कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. केडगावच्या मुक्ती मिशनात बायकांच्या हातांनीच ते छापलं गेलं.

तुमच्या गटाच्या बैठकीत इतिवृत्त मराठीत लिहितात, ते बरोबरच आहे, बँकेला ते लागतं. पण सही किंवा अंगठा घेण्याआधी ते भिलीत, पावरीत कोण सांगतं? ती बाई कोण आहे, तिचं नाव वहीत आहे का, हे या आठवड्यात बघून ठेवा. पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू. नमस्कार.