अजमलीन : नावात उरलेला संदर्भ

वरून धडधाकट दिसणारा माणूस झोपेतच दगावतो, असा हृदयाचा एक आजार आहे. १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी तो जगापुढे मांडला. साध्या ईसीजीत तो पुष्कळदा दिसत नाही. म्हणून युरोपातील अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या शिरेत एक औषध सोडतात आणि आलेख बदलतो का ते पाहतात. औषधाचे नाव अजमलीन. हे नाव दिल्लीच्या एका हकिमाचे आहे, हे ते देणाऱ्या किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

हकीम अजमल खान आपल्याला आठवतात ते १९२१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती म्हणून. त्यांचा आणखी एक ध्यास होता. युनानी आणि आयुर्वेदाची औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहायची. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यासाठी संशोधन विभाग हवा होता आणि माणूसही. तो माणूस म्हणजे सलीमुज्जमां सिद्दिकी.

सिद्दिकी १८९७ चे, बाराबंकीकडचे. अलीगढला त्यांनी तत्त्वज्ञान आणि फारसीचा अभ्यास केला, लंडनला वैद्यक शिकायला गेले आणि रमले मात्र जर्मनीतल्या रसायनशास्त्रात. १९२७ मध्ये फ्रँकफर्टहून डॉक्टरेट मिळाली. (तिथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले होते.) ते मायदेशी आले, पण डिसेंबर १९२७ मध्येच हकीमसाहेबांचे निधन झाले.

काम थांबले नाही. हकिमांच्या वापरात असलेली असरोल, म्हणजे आपली सर्पगंधा, त्यांनी तपासायला घेतली. १९३१ मध्ये सहकारी रफत हुसैन सिद्दिकी यांच्यासह त्यांनी तिच्या मुळांतील अल्कलॉइड 'जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी'त प्रसिद्ध केले. त्यांतील अजमलीन, अजमलिसिन ही नावे दिवंगत हकीमसाहेबांची आठवण म्हणून ठेवली.

आता संशोधकाची किंमत सायटेशनवर, म्हणजे इतरांनी त्याच्या निबंधाचा किती वेळा संदर्भ दिला यावर ठरते. ही मोजणी पद्धतशीरपणे सुरू झाली १९६४ च्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'पासून. तोवर सिद्दिकींचा निबंध तेहतीस वर्षांचा झाला होता. शिवाय शोध जितका मुरतो तितका त्याच्या कर्त्याचा उल्लेख गळतो. सगळ्यांनाच माहीत असलेल्या गोष्टीला तळटीप कोण देणार? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे केव्हाच टिपले होते.

अर्थात, सगळा दोष मोजणाऱ्यांचा नाही. सर्पगंधा जगभर गाजली ती रक्तदाबावरचे औषध म्हणून. त्यामागे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा १९४९ चा 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील निबंध होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातून रेसरपिन वेगळे केले आणि सारा झोत तिकडे वळला. रक्तदाब उतरवणारा आणि मन शांत करणारा गुण बराचसा मुळाच्या राळेसारख्या भागात होता. सिद्दिकींच्या हाती लागलेले अल्कलॉइड वेगळे होते. रेसरपिन त्यांच्याकडून निसटले. हे मान्य करण्यात त्यांचा अपमान नाही. एकाच मुळात किती रसायने दडलेली असतात, हेच त्यातून कळते.

त्यांनी पुढे कडुनिंब हाती घेतला. १९४२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निंबोळीच्या तेलातील निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन या तीन कडू घटकांची नोंद केली. कडुनिंबाच्या रसायनांवरील आजचा अफाट अभ्यास त्याच वाटेने पुढे गेला आहे. १९५१ मध्ये ते पाकिस्तानला गेले, १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९९४ मध्ये वारले. मला वाटते, फाळणीने त्यांच्या सायटेशनचीही वाटणी केली. भारतात ते 'तिकडचे' ठरले, आणि तिकडे दिल्लीतील वर्षे नुसती प्रस्तावना बनून राहिली. मूळ काम मात्र त्याच वर्षांतले, एका हकिमाच्या आग्रहातून जन्मलेले.

सिद्दिकींनी ठेवलेल्या नावांपैकी अजमलिसिनला युरोपात 'रॉबेसिन' असे दुसरे नाव पडले. तेच अजमलिसिन सदाफुलीच्या मुळांतही असते. ती सदाफुली, जी आपल्याकडे कबरस्तानात आणि अंगणात सारखीच फुलते.