फोन आपला, कारभार कुणाचा?



मागच्या दिवाळीत आमच्या गटाने एक नवा फोन घेतला. बँकेचं ॲप, हप्त्यांच्या पावत्यांचे फोटो, बैठकांचे फोटो, सगळं त्यातच. फोन चांगला चालत होता, कुणाची काही तक्रार नव्हती. सुट्टीला आलेला सचिवताईंचा भाचा मात्र म्हणाला, "मावशी, कंपनीने यात नुसता कचरा भरलाय. मी दुसरी सिस्टिम टाकून देतो, बघा कसा पळेल!" टाकली. फोन खरंच पळायला लागला. पण हप्त्याच्या दिवशी बँकेचं ॲप काही उघडेना, आणि आधीचे सगळे फोटोही पुसले गेलेले. नशीब, कर्जाची वही आणि इतिवृत्त आम्ही अजून हाताने लिहितो.

बारा जणींना विचारल्याशिवाय पाचशे रुपये न काढणाऱ्या आम्ही, फोन मात्र एका पोराच्या हातात देऊन मोकळ्या झालो होतो.

त्याला बोलायला गेलो तर म्हणाला, "फोन तुमचा आहे ना? मग त्यात काय असावं हे कंपनीने का ठरवायचं?" प्रश्न खोटा नव्हता. म्हणून आम्ही माहिती काढली, की धडधाकट फोनवर माणसं बदललेली सिस्टिम का टाकतात, आणि हे सुरू कुठून झालं.

आधी सिस्टिम म्हणजे काय ते सांगतो. फोनची काच, बॅटरी, कॅमेरा हे झालं घर. सिस्टिम म्हणजे त्या घराचा कारभार. कोणती खोली कुणाला उघडायची, कोठीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला, हे ती ठरवते. आपल्या बहुतेक फोनमध्ये गुगलची अँड्रॉइड ही सिस्टिम असते. तिचा बराचसा भाग गुगलने सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. ज्याला येतं त्याने तो घ्यावा, बदलावा. पण विकत घेतलेल्या फोनच्या किल्ल्या कंपनीकडेच राहतात.

अँड्रॉइडचा पहिला फोन, जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. बाजूला सरकणारा, आत बटणांचा कीबोर्ड असलेला. महिन्याभरात त्यातली एक गमतीची चूक सापडली. एकाने फोन बंद करून चालू केला. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज, उत्तर का देत नाहीस? त्याने 'रिबूट' एवढाच शब्द लिहिला, आणि फोन पुन्हा बंद होऊन चालू झाला! कीबोर्डवर लिहिलेला प्रत्येक शब्द फोन आतल्या आत मालकाचा हुकूम म्हणूनही ऐकत होता. गुगलने ती चूक लगेच दुरुस्त केली. पण तोवर हौशी मंडळींच्या हाती किल्ल्या लागल्या होत्या.

त्यातलाच एक स्टीव्ह कोंडिक. २००९ मध्ये त्याने स्वतः बदललेली सिस्टिम लोकांना फुकट द्यायला सुरुवात केली. नाव सायनोजेनमॉड. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलची नोटीस आली, की जीमेल, नकाशे, यूट्यूब ही आमची ॲप तुम्ही वाटायची नाहीत. त्याने ती काढली, आणि काम सुरू ठेवलं. जी-वनला तर याची गरजच होती. कंपनीने त्याला अँड्रॉइड १.६ च्या पुढे काही दिलं नाही, सायनोजेनमॉडने २.२ पर्यंत नेलं. जुन्या नऊवारीची गोधडी शिवावी तसंच हे. यात चूक काढण्यासारखं काय आहे?

आता खरी गंमत. जानेवारी २०१० मध्ये गुगलने नेक्सस वन आणला. नवी सिस्टिम थेट गुगलकडून मिळणारा, कुलूपही उघडता येणारा फोन. फक्त कुलूप उघडताना बजावलेलं असे, की वॉरंटी जाईल. या फोनला दुसऱ्या सिस्टिमची काडीची गरज नव्हती. तरी लोकांनी हौसेने सायनोजेनमॉड टाकलं. कुणाला दिव्याचे रंग बदलायचे होते, कुणाला फोन आणखी पळवायचा होता. आणि आम्हा रेडिओवाल्यांना आवडली ती गोष्ट अशी, की त्या फोनच्या चिपमध्ये एफएम रेडिओ होता, पण कंपनीने तो चालू केलेला नव्हता. तो बदललेल्या सिस्टिमने सुरू केला. आपल्याच घरातली बंद खोली उघडल्यासारखं! गरज नसली म्हणून हौस वेडगळ ठरत नाही. पण ती माणसं काय जाणार, काय मिळणार हे समजून, स्वतःच्या फोनवर करत होती.

पुढे हौसेची कंपनी झाली. तिची सिस्टिम घेऊन २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन आला. भारतात मात्र त्या सिस्टिमचा हक्क आपलाच, असं म्हणत मायक्रोमॅक्स कोर्टात गेली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लसची विक्री थांबवली, थोड्याच दिवसांत वरच्या खंडपीठाने ती बंदी उठवली. कारभार सगळ्यांचा म्हणून सुरू झाला, आणि शेवटी भांडण हक्कावरूनच. २०१६ च्या अखेरीस कंपनीने हे काम बंद केलं. हौशी मंडळींनी तेच काम लिनिएजओएस या नावाने पुढे नेलं, ते आजही चालू आहे.

मग आमचं बँकेचं ॲप का अडलं? २०१० मध्ये फोनमध्ये आजच्यासारखा पैसा नव्हता. आता बँकांची ॲप उघडण्याआधी फोनची तपासणी करतात. कुलूप उघडं दिसलं, सिस्टिम बदललेली दिसली, की बरीच ॲप दार लावून घेतात. किल्ल्या मोकळ्या असलेल्या फोनमध्ये एखादं लबाड ॲप शिरलं तर पिन चोरीला जाऊ शकतो, ही त्यांची धास्ती. आपल्या पोराने काही लबाडी केलेली नाही, हे त्यांना कळायचा मार्ग नाही. आणि कुलूप उघडताना फोन आतलं सगळं पुसतो, तेही याचसाठी, की चोराच्या हाती आपली माहिती लागू नये. आमचे फोटो गेले ते असे.

भाच्याने दोन दिवस बसून मूळ सिस्टिम परत घातली, कुलूप लावलं, ॲप सुरू झालं. हप्ता चार दिवस उशिरा गेला. पुढच्या बैठकीत ठराव लिहिला, की गटाच्या फोनमध्ये काहीही बदलायचं तर आधी बैठकीत विचारायचं. अध्यक्षताईंचा सात वर्षांचा फोन, ज्याला कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलंय आणि ज्यात बँकेचं काही नाही, तो मात्र आम्ही भाच्याच्या हवाली केलाय. त्याला म्हटलं, यावर कर काय करायचं ते.