छावणीबाहेरची माणसे

साथीचा रोग गावात शिरला त्या दिवसाची तारीख म्हातारी माणसे वर्षानुवर्षे ध्यानात ठेवतात. परंतु साथ गेली केव्हा, असे विचारले तर एकाच घरातल्या दोघांची उत्तरे जुळत नाहीत. ज्याचे दुकान बंद पडले आहे त्याच्या मते साथ केव्हाच संपलेली असते. ज्याच्या घरी दम्याने आजारी आई असते त्याला ती अजून दारात उभी दिसते. दोघेही खोटे बोलत नाहीत. साथ ओसरल्यावर नेहमीच्या व्यवहारास कधी लागावे, हा वाद म्हणूनच वैद्यकाइतकाच ज्याच्या त्याच्या परिस्थितीचाही असतो. करोनाच्या साथीनंतर हा वाद एका लहानशा देशात कसा झाला, आणि त्यात कोणाचे म्हणणे कोणी विचारलेच नाही, हे या लेखात पाहावयाचे आहे. तो देश म्हणजे कुवेत.

इस्राएली पारपत्रावर कुवेतला जाता येत नाही. त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना ते नाव परके वाटणे साहजिक आहे. पण मुंबई आणि कोकणच्या नात्याने पाहिले तर ते तितके परके नाही. तेलाचा काळ येण्यापूर्वी कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईस व मलबारास येत आणि परतताना लाकूड, तांदूळ, कापड व मसाले नेत. १९६१ साली दिनार सुरू होईपर्यंत तेथील बाजारात रुपयाच चालत असे. इराकमधून आलेल्या यहुदी कुटुंबांची एक लहान वस्ती व त्यांचे सिनेगॉगही तेथे एकेकाळी होते. सालेह व दाऊद हे अल-कुवेती बंधू त्याच समाजात अनुक्रमे १९०८ व १९१० साली जन्मले. त्यांच्या एका नातलगाने व्यापाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला असता येथून व्हायोलिन व ऊद ही वाद्ये नेली आणि त्यांवर या मुलांचे संगीत सुरू झाले, असे सांगतात. पुढे इराकमध्ये मोठे नाव मिळवून १९५१ साली हे बंधू इस्राएलात आले. तेल अवीवच्या हतिक्वा वस्तीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

याहून जवळचे नाते आहे ते कोकणातील खेड्यांचे. ज्या मुलखात आपल्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवार पाळून ‘शनवार तेली’ हे नाव मिळविले, त्याच रायगड आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान व हिंदू शेजाऱ्यांची मुले गेली पन्नासएक वर्षे आखाती देशांत नोकरीस जात आहेत. २०२० साली कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय होते. परदेशी लोकांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती, आणि देशाच्या एकूण वस्तीत दर दहा माणसांपैकी सुमारे सात परदेशी होती.

साथीनंतर पुन्हा उभे राहणे कुवेतला नवीन नव्हते. १८३१ साली प्लेगने बगदाद व बसरा उद्ध्वस्त केले, तेव्हा कुवेतही सुटले नाही. गावातील बहुसंख्य माणसे दगावली. कुवेतच्या जुन्या इतिहासकारांनी जपलेली आठवण अशी की, जी माणसे त्या वेळी समुद्रावर होती ती वाचली. ती परतली तेव्हा घरे होती, पण घरांत कोणी नव्हते. मग त्यांनी जवळच्या झुबैर आणि नज्दकडील कुटुंबांत सोयरिकी केल्या आणि गाव पुन्हा वसविले. म्हणजे तेथे जीवन पूर्ववत झाले ते बाहेरून आलेल्यांच्या हातून. बाहेर असलेला माणूस परत आला म्हणून कुवेत राहिले, हे त्या गावाच्या इतिहासातच लिहिलेले आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाने पुन्हा असाच तडाखा दिला. त्या वर्षाला अरबस्तानात ‘दयेचे साल’ म्हणतात. मेलेल्यांवर परमेश्वराने दया करावी अशी इतक्यांदा प्रार्थना करावी लागली की वर्षालाच ते नाव पडले.

आपल्या मुंबईचा अनुभवही या संदर्भात आठवण्यासारखा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. घराघरांतून तपासणी, सक्तीने इस्पितळात नेणे आणि रोगाचे भय या सर्वांमुळे पुढच्या काही महिन्यांत शहरातील अदमासे निम्मी माणसे गावाकडे पळाली. १० जानेवारी १८९७ रोजी ओडेसा येथे जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते. पण लस आली म्हणून माणसे लगेच परतली नाहीत. गिरण्यांत हात कमी पडले, तेव्हा एरवी महिन्याचा पगारही उशिरा देणारे गिरणीमालक रोजची मजुरी रोज देऊ लागले. नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागली. गिरण्या चालू राहणे मालकाला हवे होते, जीव वाचणे कामगाराला हवे होते, आणि काही काळ तरी कामगाराला आपल्या परतीची किंमत मागता आली. कुवेतमध्ये असे घडले नाही.

तेथे करोनाचे पहिले रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० रोजी सापडले. ते इराणमधील मशहद येथून आले होते. मार्चच्या मध्यास विमाने थांबली. मशिदींतून बांग देताना ‘नमाजास या’ याऐवजी ‘आपापल्या घरी नमाज पढा’ असे पुकारले गेले, आणि ते ऐकून अनेकांना रडू आले. २२ मार्चपासून रात्रीची संचारबंदी आली. ६ एप्रिलला जलीब अश्-शुयूख व महबूला या दोन वस्त्या सभोवार बंद करण्यात आल्या. या वस्त्यांत एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारे परदेशी कामगार होते. १० ते ३० मेपर्यंत संपूर्ण देशात दिवसरात्र संचारबंदी होती. संध्याकाळी दोन तास आपल्याच मोहल्ल्यात पायी फिरण्याची तेवढी मुभा होती. जलीब व महबूला यांच्या सीमा मात्र जुलै उजाडेपर्यंत उघडल्या नाहीत.

याच सुमारास मुदत संपलेल्या कागदपत्रांवर राहणाऱ्यांना कुवेत सरकारने माफी दिली. दंड भरू नका, तिकीटही आम्ही देतो, परंतु आपल्या देशी जा, असे ते धोरण होते. हजारो भारतीयांनी नावे नोंदविली. त्यांना छावण्यांत ठेवण्यात आले. पण मार्चअखेरीपासून भारतानेही आपले आकाश बंद केले होते. एक देश पाठवावयास तयार, दुसरा घ्यावयास तयार नाही, आणि मध्ये उन्हाळ्याच्या वाळवंटातील छावणी. मे महिन्यात भारत सरकारची ‘वंदे भारत’ विमाने सुरू झाल्यावर हळूहळू वाट मोकळी झाली. त्यांपैकी कोकणातल्या कोणी घर गाठले असेल, तर पुढे ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर उडविलेली छपरे त्याला पाहावी लागली असतील.

३१ मेपासून पाच टप्प्यांनी सर्व व्यवहार पूर्ववत करण्याची योजना कुवेतने सुरू केली आणि तेथून मतभेद उघड झाले. आरोग्य खात्याचे म्हणणे, घाई केली तर इस्पितळे भरतील. छोट्या दुकानदारांचे म्हणणे, दुकानाचे भाडे रोगासाठी थांबत नाही. घराघरांतील दिवाणिया, म्हणजे पुरुषांच्या रात्रीच्या बैठकी, बंद होत्या. ज्या समाजात लग्नापासून राजकारणापर्यंत सारे त्या बैठकीत ठरते, तेथे ही लहान गोष्ट नव्हती. शाळा तर दीड वर्ष, २०२१ च्या शरद ऋतूपर्यंत, घरातल्या पडद्यावरच भरल्या. त्यावर आईबापांतही दोन तट होते. जून २०२१ अखेर मोठी दुकानसंकुले व उपाहारगृहे यांत फक्त लस घेतलेल्यांनाच प्रवेश राहील असे ठरले, तेव्हा लशीची सक्ती नको म्हणणाऱ्या काही नागरिकांनी निदर्शने केली. दुसऱ्या बाजूस, आम्ही लस घेतली, मग न घेणाऱ्यांसाठी आम्ही का कोंडून घ्यावे, असे म्हणणारेही पुष्कळ होते.

हे सर्व मतभेद दाराच्या आत असलेल्यांचे. जगात सर्वत्र ते असेच झाले आणि आपल्या इस्राएलातही झाले. कुवेतमध्ये त्याखाली दुसरा एक प्रश्न होता: नेहमीचे जीवन म्हणजे नेमके कोणासह? २०२० च्या वसंतात तेथील एका ज्येष्ठ अभिनेत्रीने दूरचित्रवाणीवर परदेशी रुग्णांना बाहेर काढण्याची भाषा केली. त्यावर कुवेती लोकांतूनच तीव्र निषेध झाला. जून २०२० मध्ये पंतप्रधानांनी परदेशी लोकांचे प्रमाण सत्तर टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर यावे असे मत मांडले. याउलट, आमची इस्पितळे, बांधकामे व घरे याच माणसांच्या हातांवर चालतात, साथीत परिचारिकांचे काम कोणी केले ते पाहा, असे सांगणारे कुवेतीही होते. देशाचे स्वतःचे लोक नोकरीत वाढावेत ही इच्छा गैर म्हणता येणार नाही. पण साथीच्या दिवसांत ती बोलली गेली, तेव्हा जलीबच्या कुंपणाआडच्या माणसाला तिचा अर्थ निराळा लागला.

१ ऑगस्ट २०२० रोजी विमानतळ उघडला, परंतु भारतासह अनेक देशांतून थेट येणाऱ्यांना बंदी घालण्यात आली. सुटीवर गावी आलेला माणूस कुवेतमधील नोकरी, खोली आणि कधी कधी बायकामुले यांपासून तुटला. ज्याच्याजवळ पैसे होते तो दुबईत चौदा दिवस काढून मग कुवेतला गेला. डिसेंबरमध्ये घरकाम करणाऱ्यांना आणण्याची खास व्यवस्था झाली, कारण त्यांच्यावाचून घरे अडली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशीयांना पुन्हा दार बंद झाले. एप्रिलमध्ये भारताची विमाने अजिबात थांबली. १ ऑगस्टपासून लस घेतलेल्यांना प्रवेश मिळाला आणि सप्टेंबरमध्ये भारतातून थेट विमाने सुरू झाली. तोपर्यंत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कोव्हिशील्ड घेतलेल्यांना प्रवेश होता, कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना आणखी थांबावे लागले. गावच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी कोणती बाटली उघडली होती यावर एखाद्याची नोकरी टिकणे अवलंबून राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कुवेतने बहुतेक निर्बंध उठविले. आत असलेल्यांची साथ तेव्हा संपली. बाहेर राहिलेल्यांची केव्हा संपली, हे कोणत्याही टप्प्यात मोजलेले नाही.

वाचकांना एक योगायोग सांगावासा वाटतो. २५ एप्रिल २०२० या शाब्बाथला तोराचे जे भाग वाचावयाचे होते ते तझ्रिआ आणि मेत्सोरा. त्या दिवशी सिनेगॉगे बंद असल्याने आपल्यापैकी बहुतेकांनी ते घरीच वाचले असतील, किंवा वाचलेही नसतील. वायिक्राच्या त्या अध्यायांत अंगावर डाग उठलेल्यास छावणीबाहेर ठेवण्याची आज्ञा आहे, एवढे आपण ध्यानात ठेवतो. पण त्याच ठिकाणी त्याला परत आणण्याचा विधीही दिलेला आहे, आणि तोही टप्प्याटप्प्यांचा. प्रथम त्याने छावणीत यावे, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहावे. आठव्या दिवशी अर्पण करून पूर्ववत व्हावे. घाई नाही, पण अनिश्चितताही नाही. किती दिवस ते ठरलेले आहे. तपासणीसाठी रोग्याने छावणीच्या दारात येऊन विनवण्या करावयाच्या नाहीत. कोहेनने स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जावयाचे आहे. आणि तो गरीब असेल, त्याला ऐपत नसेल, तर त्याच्यासाठी कमी खर्चाचे अर्पण वेगळे सांगितले आहे. परतीचा मार्ग पैशावाचून अडू नये, याची काळजी तेथे घेतलेली आहे.

बंधने घालू नयेत असे तोरा म्हणत नाही. जीव वाचविण्यासाठी शाब्बाथही मोडावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुवेतचे आरोग्य खाते सावध राहिले, त्यात चूक नव्हती. दुकानदारांनी ओरड केली, तीही रास्त होती. खटकते ते एवढेच की जो सर्वांत दूर होता त्याच्याकडे निर्णय घेणारा कोणी गेला नाही, आणि तेथे किती दिवस थांबावयाचे हेही त्याला कोणी सांगितले नाही.

हा दोष केवळ कुवेतचा समजू नये. इस्राएलनेही मार्च २०२० मध्ये परदेशी नागरिकांना दारे बंद केली, आणि साध्या प्रवाशांसाठी ती १ नोव्हेंबर २०२१ पर्यंत जवळजवळ बंदच होती. त्या काळात लोद, अश्दोद, दिमोना येथील आपल्या किती घरांतून मुंबई-ठाण्यातील आईबापांची अंत्ययात्रा फोनच्या पडद्यावर पाहिली गेली असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपण स्थलांतर केलेली माणसे आहोत. एका दाराच्या आत आणि दुसऱ्या दाराच्या बाहेर अशी आपली अवस्था नेहमीचीच आहे. पुढची साथ येईल तेव्हा ‘आता उघडावे की न उघडावे’ हा वाद आपल्या घरांतही होईल, आणि व्हावाही. त्या वादात कोणी म्हणाले की सर्व काही पूर्ववत झाले, तर छावणीबाहेर अजून कोण आहे, एवढे आपण विचारावे. ते विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि ते आपले कामही आहे.