काळीकाठची आखणी

काळी नदीच्या तीरावर, उंच प्रवेशद्वाराच्या आत, श्रीमंत बंगल्यांची एखादी वसाहत वसवावी असा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी स्थळाच्या रमणीयतेने मोहून जाण्यापूर्वी कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याचे जुने दप्तर एकवार उघडून पाहावे; कारण या तीराची आखणी यापूर्वीही झालेली आहे, आणि दर वेळी नकाशा काढणारा बाहेरचा व बिऱ्हाड उचलणारा येथला, हा क्रम काही चुकलेला नाही.

सोंद्याच्या राजांचा येथील अंमल हैदरअलीने १७६३ च्या सुमारास संपविला, टिपूच्या पतनानंतर १७९९ साली कानडा प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि १८६२ साली त्याचा उत्तर भाग मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. डोंगरातल्या कुणब्याला मात्र या फेरबदलांपेक्षा जंगलखात्याच्या सरहद्दीचाच अधिक जाच झाला; तीच येथली पहिली आखणी. झाडोरा तोडून वाळवावा, जाळावा, त्या राखेत नाचणी पेरावी आणि काही वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जावे, अशी त्याची कुमरी शेती होती. सरकारच्या नजरेला त्याच डोंगरात सागाची संपत्ती दिसत असल्यामुळे त्या शेतीवर निर्बंध आले, आणि पिढ्यानपिढ्या वापरलेल्या रानात तो सरकारी दृष्टीने अतिक्रमणदार ठरला. हा अन्याय होता, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. आजही कोनफळ, सुरण, मुडली असे कंद परसात जोपासणाऱ्या या माणसांना रानाची जितकी पारख आहे, तितकी कोणत्याही मोजणीदाराला कधी नव्हती.

दुसरी आखणी पाण्याची. तालुक्याला पूर्वी ज्याचे नाव होते ते सुपा गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले होते. जलविद्युत योजनेसाठी गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब असे काँक्रीटचे धरण बांधण्यात आले, ते १९८७ साली पुरे झाले, आणि सुप्यासह कित्येक गावे पाण्याखाली गेली. विस्थापितांपैकी पुष्कळांना बेळगाव-गोवा रस्त्यावरील रामनगर येथे वसविण्यात आले. नदीकाठी जन्मलेल्या माणसांची वसाहत नदीपासून दूर, कागदावर आखून झाली. नदीकाठच्या नगररचनेचा या तालुक्यातला सर्वांत मोठा प्रयोग हाच, आणि त्याचा उल्लेख टाळून पुढची कोणतीही योजना प्रामाणिक ठरणार नाही. योगायोग असा की त्याच १९८७ साली अणशीच्या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळीचेच नाव देण्यात आले. माणसाच्या वस्तीची जागा अशी दोन्हीकडून आक्रसत गेली.

धरणानंतर नदीचा स्वभावही पालटला. वरच्या बाजूला जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. पावसाळ्याच्या शेवटी जिथे पाणी टेकते, तिथेच उन्हाळ्यात भेगाळलेला चिखल आणि वठलेले बुंधे उघडे पडतात. धरणाच्या खाली गणेशगुडीला पाहावे, तर पात्रातील काळे खडक कोरडे दिसतात, आणि वीजगृहाची यंत्रे सुरू झाली की ते बघता बघता फेसाळ पाण्याखाली जातात; हौशी मंडळींच्या रबरी होड्या याच सोडलेल्या पाण्यावर चालतात. खिडकीतून दिसणारी नदी विजेच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते, ही गोष्ट बंगला घेणाऱ्याला आधी सांगितली पाहिजे.

कर्नाटकात २०२० साली भूसुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे रद्द झाल्यापासून बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन खरेदी करण्यास मोकळीक मिळाली आहे. कायद्याने दार उघडले म्हणून भिंत कुठेही बांधता येते असे नव्हे. गुरे पाण्यावर नेण्याची वाट, मृताचे क्रियाकर्म करण्याची नदीकाठची जागा, पाणवठ्याला जाणारी पायवाट, यांतील फारच थोड्या गोष्टी सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात नोंदलेल्या असतात; त्या गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. म्हणून आखणी करणाऱ्याने मोजणीची साखळी टाकण्याआधी त्यांना सोबत घेऊन काठाने चालावे, त्यांनी दाखविलेली प्रत्येक वाट नकाशावर उतरवून घ्यावी, आणि प्रवेशद्वाराची जागा त्यानंतर ठरवावी.